मारियेचा मान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला आणि बांद्र्याच्या जत्रेचे फोटो फिरू लागले की येशूच्या आईबद्दलचे, म्हणजे मारियेबद्दलचे, हे प्रश्न माझ्याकडे येतात. काही ऑफिसातल्या हिंदू मैत्रिणींचे, काही प्रोटेस्टंट नातेवाइकांचे, आणि बरेचसे आमच्याच कॅथलिक पोरांचे. मी वसईची. रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण शिकवते, त्यामुळे उत्तर टाळायची सोय नाही. सोप्यापासून अवघडाकडे लावलेत. जिथे एका उत्तरात दुसऱ्याचा धागा आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. कॅथलिक लोक मारियेची पूजा करतात का?

नाही. पण निम्मा घोळ आपल्या 'पूजा' या शब्दाचाच आहे. मराठीत देवाची पूजा होते, गुरूची होते, दसऱ्याला पाटीपुस्तकांची आणि स्कूटरचीही होते. एकाच शब्दात सगळं मावतं. चर्चच्या परंपरेत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. 'लात्रिया' म्हणजे आराधना. ती फक्त देवाची. 'दुलिया' म्हणजे संतांना द्यायचा आदर. मारियेला मिळतो तो 'हायपरदुलिया', म्हणजे संतांहून मोठा मान. तो कितीही मोठा असला तरी आराधनेच्या हद्दीत शिरत नाही, कारण मारिया निर्माण झालेली आहे आणि देव निर्माता.

हे शब्द कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी मुलांना एक खूण सांगते: मिस्सा कुणाला अर्पण होते ते बघा. मिस्सा हा आमचा यज्ञ, आणि तो फक्त देवाला वाहिला जातो. ८ सप्टेंबरला आपण 'मारियेची मिस्सा' म्हणतो खरं, पण ती तिच्या सणाला देवाला वाहिलेली मिस्सा असते. चौथ्या शतकात अरबस्तानातल्या काही स्त्रिया मारियेच्या नावाने चौरंग मांडून तिला भाकरी अर्पण करायच्या. सायप्रसच्या एपिफानियस या बिशपांनी त्यांना चांगलंच फटकारलं: मारियेला मान द्या, आराधना मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची करा. म्हणजे आज प्रोटेस्टंट भाऊबंद जी शंका काढतात ती चर्चने सोळाशे वर्षांपूर्वी आपल्याच माणसांवर काढली होती.

२. मेरी, मरीया, मोत माउली, सायबीण, वेलंकनी माता… या वेगवेगळ्या देवी आहेत का?

बाई एकच: नाझरेथची मारिया, येशूची आई. बाकी सगळी बिरुदं, गावांवरून, प्रसंगांवरून किंवा लोकांच्या गरजेवरून पडलेली. बांद्र्याच्या 'मोत माउली'तला 'मोत' डोंगरासाठीच्या 'मोंते' या पोर्तुगीज शब्दावरून आला असं सांगतात. वसईजवळच्या रमेदीचं नाव पोर्तुगीज 'रेमेदिओस'वरून पडलं, म्हणजे उपाय किंवा औषध देणारी माउली. तमिळनाडूतली वेलंकनी ही आरोग्यमाता. गोव्यात ती सायबीण, म्हणजे घरची मालकीण. तिची मूर्ती वाड्यावर घरोघरी फिरते. आज एका घरी मुक्काम, उद्या संध्याकाळी गात गात शेजारच्या घरी. ज्या घरी ती येते तिथे लादाइन होते, म्हणजे तिच्या बिरुदांची गायलेली माळ, आणि मग जमलेल्यांना उकडलेले चणे.

देवीची अनेक रूपं असतात तसंच हे, असं कुणी म्हटलं की मी थोडी थांबते. इथे रूपं नाहीत, अवतारही नाहीत. एकाच आजीला कुणी आई म्हणतं, कुणी काकी, कुणी मामी, तसं आहे ते.

३. देवाला आई कशी असेल? 'देवाची माता' म्हणजे ती देवाच्याही आधीची का?

आधीची मुळीच नाही. हा वाद पाचव्या शतकात कडाक्याचा झाला. कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप नेस्टोरियस म्हणाला, तिला 'ख्रिस्ताची माता' म्हणा, 'देवाची माता' म्हणू नका. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने त्याला विरोध केला. ४३१ साली आजच्या तुर्कस्तानातल्या एफेससला धर्मपरिषद भरली आणि 'थेओतोकोस', म्हणजे देवाला जन्म देणारी, हे बिरुद कायम झालं. बाहेर दिवसभर ताटकळलेल्या लोकांनी रात्री बिशपांना मशालींच्या उजेडात मुक्कामी पोहोचवलं, असं सिरिलच्या पत्रात आहे.

मुद्दा मारियेपेक्षा येशूबद्दलचा होता. आई जन्म देते ती अख्ख्या माणसाला. जिजाऊंनी शिवरायांच्या फक्त देहाला जन्म दिला, असं कुणी म्हणत नाही. येशू एकच व्यक्ती आहे आणि ती व्यक्ती देव आहे असं मानलं, की त्याच्या आईला दुसरं काही म्हणताच येत नाही. तिने देवपण निर्माण केलं असा याचा अर्थ नाही.

४. थेट देवाकडेच का मागत नाही? मध्ये वशिला कशाला?

थेट मागतोच. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना रोज होते. मारियेकडे मागताना वाक्य बदलतं, तेवढं नीट ऐका: देवाला आम्ही 'दे', 'क्षमा कर' म्हणतो आणि मारियेला 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणतो. ऑपरेशनला जाताना शेजारणीला 'माझ्यासाठी प्रार्थना कर गं' म्हणतो, त्याच जातीचं हे मागणं.

'वशिला' हा शब्द मात्र मला खटकतो. वशिला लावावा लागतो तो साहेब ऐकत नसतो म्हणून. काना गावच्या लग्नाची गोष्ट आठवा (योहान, अध्याय २). द्राक्षारस संपला. मारियेने काही चमत्कार केला नाही, हट्टही धरला नाही. मुलाला एवढंच सांगितलं की त्यांच्याकडे द्राक्षारस उरला नाही. मग वाढप्यांकडे वळून म्हणाली, तो सांगेल ते करा. शुभवर्तमानांत तिच्या तोंडचं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर ती क्रुसाखाली उभी दिसते, पण बोलत नाही.

'देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ' हे वचन (१ तीमथ्य २:५) पुढे करणाऱ्यांना सांगते, ते आम्हालाही मान्य आहे. त्याच अध्यायाची सुरुवात पौलाने 'सर्वांसाठी विनंत्या करा' अशी केली आहे. एकमेकांसाठी मागण्याने त्या एका मध्यस्थाची जागा जात नाही.

५. पण शेजारीण जिवंत आहे. मेलेल्यांशी बोलायला बायबलमध्ये बंदी नाही का?

मृतांना बोलावून त्यांच्याकडून भविष्य काढून घ्यायला बंदी आहे, म्हणजे प्लँचेट वगैरे. संतांकडून आम्ही माहिती मागत नाही, प्रार्थना मागतो. आणि देव 'मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा' आहे असं येशूनेच सांगितलंय. देवाजवळ असलेला माणूस आपल्यापेक्षा जास्तच जिवंत. मारियेच्या आश्रयाला येणारी एक छोटी ग्रीक प्रार्थना इजिप्तमधल्या पपायरसच्या तुकड्यावर सापडली. तो तुकडा आज मँचेस्टरला आहे. अनेक अभ्यासक तो तिसऱ्या शतकातला मानतात, काही जण बराच नंतरचा.

६. 'नमो मारिये' ही प्रार्थना बायबलमध्ये आहे का?

अर्धी आहे. 'कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे' हे देवदूताचं अभिवादन (लूक १:२८). 'स्त्रियांमध्ये तू धन्य, तुझ्या उदराचं फळ धन्य' हे तिची नातलग एलिझाबेथ म्हणते (लूक १:४२). 'पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर' हा उत्तरार्ध लोकांच्या तोंडी हळूहळू घडला आणि १५६८च्या प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. मराठीत शब्द थोडे इकडेतिकडे होतात. माझ्या आजीचा पाठ वेगळा, माझा वेगळा, आणि दोघी एकत्र म्हणायला बसलो की मी तिसऱ्या ओळीला नेमकी अडखळायची.

७. रोजरी म्हणजे आपली जपमाळच ना?

बोटांचं काम तेच. माळेत ५९ मणी असतात: ५३ 'नमो मारिये'चे आणि ६ 'आमच्या पित्या'चे. पण जप हा रोजरीचा फक्त ताल. प्रत्येक दहा मण्यांना येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा असतो. त्यांना रहस्यं म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली घातली, म्हणून जुन्या पुस्तकांत ती सापडत नाहीत.

प्रसंग मनात न धरता मणी सरकवले तर? चालतं, पण मग तो नुसता पाढा होतो. आमच्या घरी तो पुष्कळदा होतो, हेही कबूल.

रोजरी न म्हणणारा कॅथलिक असू शकतो का, असंही विचारतात. असू शकतो. ती सक्तीची नाही. रविवारची मिस्सा सक्तीची आहे.

८. मूर्तीपुढे मेणबत्ती, गळ्यात हार, अंगावर साडीसुद्धा! ही मूर्तिपूजा नाही?

हा प्रश्न ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेत निकाली निघाला. त्याआधी काही दशकं कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी चित्रं फोडायचा सपाटा लावला होता. परिषदेने सांगितलं की प्रतिमेला दिलेला मान त्या व्यक्तीकडे जातो आणि आराधना फक्त देवाची. आजोबांच्या फोटोला चंदनाचा हार घालताना आपण लाकडी चौकटीला हार घालत नाही, तसं. पुढे ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली आणखी स्पष्ट केलं: प्रतिमेत देवत्व नसतं, शक्तीही नसते.

आता खरं बोलायचं तर ही रेघ लोक ओलांडतात. 'त्या चर्चमधली मूर्ती जास्त पावते' असं मी आमच्या बायकांच्या तोंडून दर वर्षी ऐकते. ते चूक आहे. वेलंकनीची साडी हा मात्र त्यातला प्रकार नाही. तो आपल्याकडचा आईला मान द्यायचा रिवाज, युरोपात तिच्या डोक्यावर मुकुट ठेवतात तसा.

९. बांद्र्याला मेणाचे हात-पाय का वाहतात?

जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. टेकडी चढताना दोन्ही बाजूंना दुकानं, आणि पाटांवर मांडलेलं फिकट पिवळं मेण: हात, पाय, डोळे, बाळ, घर, हल्ली विमानसुद्धा. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, ज्याला व्हिसा हवा तो विमान. दुपारच्या उन्हात ते जरा मऊ पडतं. माझ्या हातात एकदा बाळाचा पाय वाकला होता, तो मी रांगेत उभ्या उभ्या सरळ केला.

दुखऱ्या अवयवाची प्रतिमा वाहण्याची रीत ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन देवळांच्या जागी असे मातीचे अवयव ढिगाने सापडतात. चर्च या रीतीकडे बोलता न येणाऱ्याची प्रार्थना म्हणून पाहतं. मेणाचा पाय दिला म्हणून खरा पाय मिळतो, असा सौदा त्यात धरायचा नाही. (नवस राहून गेला तर काय, ते प्रश्न १६मध्ये.)

१०. आम्ही हिंदू आहोत. मोत माउलीला गेलं तर चालेल का?

अगदी चालेल. जत्रेतल्या गर्दीत कॅथलिक किती आणि बाकीचे किती, हे ओळखू येत नाही. आत्ताचं १९०४ सालचं चर्च उभारताना आराखडा शापूरजी चांदाभॉय या पारशी वास्तुशिल्पकाराने केला. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) चालते, तिथेही सगळ्या धर्मांची माणसं असतात. गोव्यात तर म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी, असं दोन्ही धर्मांचे लोक मानतात. चर्चच्या शिकवणीत हे नातं बसत नाही, गावाच्या शिकवणीत बसतं.

एक गोष्ट मात्र पाळा. मिस्सेत लोक रांगेने पुढे जाऊन 'ख्रिस्तप्रसाद' घेतात, त्या रांगेत जाऊ नका. नावात 'प्रसाद' असल्यामुळे पुष्कळ जण आपलेपणाने हात पुढे करतात आणि मग दोन्हीकडे अवघडलेपण येतं. तो आमच्यासाठी येशूचं शरीर आहे, दीक्षित कॅथलिकांनीच घ्यायचा. त्या वेळी जागेवर बसून राहिलात तर कुणीही वावगं मानत नाही.

११. 'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म ना?

नाही, आणि ही चूक जन्मापासून कॅथलिक असलेलेही करतात. हा संभव मारियेचा स्वतःचा, तिच्या आईच्या उदरातला. नेहमीप्रमाणे आईबापांच्या पोटी, पण आदिपापाचा, म्हणजे आदामापासून माणसाला जन्मतः लागणाऱ्या पापाचा, डाग न लागता. संत थॉमस अक्विनाससारख्या पंडितालाही हे पटत नव्हतं: तिला पाप लागलंच नसेल, तर येशूने तिला तारलं कशातून? डन्स स्कोटस या दुसऱ्या पंडिताने उत्तर काढलं. खड्ड्यात पडलेल्याला वर काढणं हे तारणं, आणि पडायच्या आधीच हात धरणं हेही तारणंच. पोप पायस नववे यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी हा श्रद्धासिद्धांत जाहीर केला. पणजीच्या पायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं ते यामुळेच.

१२. १५ ऑगस्टला चर्चमध्ये कसला सण असतो? तुकोबांसारखं सदेह वैकुंठगमन?

महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच. उपमा जवळची आहे, म्हणून सावध राहून वापरा. शिकवण अशी: पृथ्वीवरचं आयुष्य संपल्यावर मारियेला देहासकट स्वर्गात घेतलं गेलं. 'घेतलं गेलं' यावर जोर. येशू स्वतःच्या सामर्थ्याने वर गेला, तिला देवाने नेलं. पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी ही शिकवण सिद्धांत म्हणून जाहीर केली; सण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. ती आधी मरण पावली की नाही, हे त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं. आम्हाला तो दिवस दुहेरी: सकाळी झेंडा आणि मिस्सा, क्रम गावागणिक बदलतो.

१३. बायबलमध्ये येशूचे भाऊ आहेत. मग मारिया नित्य कुमारी कशी?

मार्क ६:३मध्ये याकोब, योसे, यहूदा, शिमोन ही नावं आहेतच. पण मराठी माणसाला हे समजायला इतकं जड जाऊ नये. आपल्याकडे मावसभाऊ भाऊ असतो, चुलतभाऊ भाऊ असतो, आणि लग्नाच्या पत्रिकेत तर सगळेच. येशूच्या बोलीतही चुलत-मावस भावंडांसाठी वेगळा सोयीचा शब्द नव्हता. संत जेरोमने ३८३च्या सुमारास ते जवळच्या नात्यातले भाऊ असं मांडलं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती योसेफाच्या आधीच्या लग्नाची मुलं मानतात. क्रुसावरून येशूने आई एका शिष्याच्या हाती सोपवली, हाही पुरावा देतात: सख्खे धाकटे असते तर सोपवायची गरज काय? निव्वळ भाषेच्या जोरावर हा वाद मिटत नाही, कारण ग्रीक मजकुरात 'भाऊ' हाच शब्द आहे. इथे कॅथलिक माणूस परंपरेवर उभा असतो.

१४. लूर्द, फातिमा इथली मारियेची दर्शनं मानावीच लागतात का?

नाही. चर्चने मान्यता दिली म्हणजे 'यात श्रद्धेविरुद्ध काही नाही, मानायचं तर माना'. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली १४ वर्षांच्या बर्नादेत सुबिरूला १८ वेळा दर्शन झालं. तिथे बरं झाल्याचे हजारो दावे आले, त्यांतले अधिकृतपणे चमत्कार ठरलेले सत्तरच्या आसपास. एवढी चाळणी लागते. त्यामुळे कुणाच्या घरची मूर्ती रडते असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवायच्या आधी फादरना विचारा. अशा गोष्टी बिशपांनी आणि रोमने कशा तपासायच्या, याचे नवे नियम मे २०२४मध्ये आलेत.

१५. मारियेला 'सहतारक', म्हणजे येशूबरोबर तारणारी, म्हणावं का? आमच्या प्रार्थना गटात यावरून भांडण झालं.

म्हणू नये. ४ नोव्हेंबर २०२५च्या टिपणात रोमने हे बिरुद वापरणं योग्य नाही असं स्पष्ट केलं. तारणारा एकच, आणि जो शब्द दर वेळी समजावून सांगावा लागतो त्याचा उपयोग नाही. हा ताण जुना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मारियेवर स्वतंत्र दस्तऐवज हवा, की चर्चवरच्या दस्तऐवजात एक प्रकरण पुरे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ला मतदान झालं. प्रकरणाच्या बाजूने १११४, विरोधात १०७४. जगभरच्या बिशपांमध्ये चाळीस मतांचा फरक! तेव्हा तुमच्या गटात भांडण झालं, यात नवल नाही. चर्चवरच्या त्या दस्तऐवजातलं हे आठवं प्रकरण वाचा: अतिशयोक्ती नको आणि कंजुषीही नको, असं दोन्ही बाजूंना सुनावलंय.

सासर प्रोटेस्टंट असलेल्या मुलींनाही मी हेच सांगते. रोजरी लादू नका. लूकच्या पहिल्या अध्यायातलं मारियेचं गीत एकत्र वाचा. 'सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील' हे त्यातच आहे, आणि मार्टिन ल्यूथरने १५२१ साली त्या गीतावर भाष्य लिहिलंय.

१६. वेलंकनीचा नवस बोलले होते, जाणं झालं नाही. पाप लागेल का?

आधी हे बघा की नवस होता की नुसती इच्छा. चर्चच्या कायद्यात नवस म्हणजे समजून-उमजून, मोकळ्या मनाने देवाला दिलेलं वचन. गंभीर आणि अन्यायाने घातलेल्या भीतीपोटी बोललेला नवस धरतच नाहीत. मारियेला 'येईन गं' म्हटलं ते काटेकोरपणे नवसात बसत नाही, पण शब्द दिला तो दिला. खरा नवस असेल तर योग्य कारणासाठी तुमचे धर्मग्रामाचे फादर त्यातून सूट देऊ शकतात, आणि तितक्याच किंवा जास्त चांगल्या कामात तो तुम्ही स्वतःही बदलू शकता. नवस राहिला म्हणून मारिया रागावून कोप करेल, ही भीती तर मनातून काढूनच टाका. ती आमच्या शिकवणीत कुठेच नाही.

माझी मावशी अठ्ठ्याहत्तरची, दोन्ही गुडघे गेलेले, आणि वीस वर्षांपूर्वीचा वेलंकनीचा नवस डोक्यात. फादर म्हणाले, गाडीभाड्याचे पैसे गावातल्या एखाद्या पेशंटच्या डायलिसिसला द्या. तिने दिले. शिवाय मला बांद्र्याला पाठवून मेणाचे दोन पायही वाहायला लावले, कारण फादरनी त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.